मथळा कुणाला द्यायचा

रेणुका, तुझ्या अप्पांनी गुरुवारी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: "रविवारचं पान कोण करणार?" मी म्हटलं, मी करते. तुझं तेरावं नुकतंच झालंय. म्हणजे या रविवारच्या पानातली बातमी तूच, आणि ती कुठं घालायची, कशी घालायची हे सांगायला तू नाहीस. आजवर या पानावरून तुझ्याशी इतकी भांडले, आणि आता समोर भांडायला कुणी नाही तर सगळे मुद्दे तुझ्याच बाजूचे सुचतायत. हा तुझा निव्वळ आगाऊपणा आहे.

पान म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण हे दुसरं कुणी वाचत असेल तर त्याला सांगायला हवं, नाहीतर तू मला सोडायची नाहीस. काचबिंदूनं अप्पांची नजर गेली तेव्हा त्यांना सगळ्यात मोठा त्रास पुस्तकांचा नव्हता, गल्लीचा होता. म्हैसुरात विजयनगरचे प्लॉट पडत होते तेव्हा हातात साखळी घेऊन शेताशेतातून मोजणी करत फिरलेला हा माणूस. कुणाच्या कुंपणाचा दगड कुणी सरकवलाय हे फाटकात उभं राहून सांगायचा. तोच आता खुर्चीत बसून चिडायचा. "कोण बी काही सांगत नाही. विचारलं तर सुम्ने, उगाच, 'सगळं बरं आहे' म्हणतात. बरं आहे म्हणजे काय आहे?"

मग तू त्यांच्यासाठी दर रविवारी एक पान करायला लागलीस. साधं वेबपान, एचटीएमएलमध्ये हातानं लिहिलेलं. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन निघायचीस, भाजीवालीशी बोलायचीस, पार्कातल्या बाकावर बसायचीस, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला चार प्रश्न विचारायचीस. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा फणस यंदा धरलाय, पाणी कधी येणार नाही. रविवारी सकाळी अप्पा कॉम्प्युटर लावायचे आणि त्यातल्या यांत्रिक आवाजाची बाई ते पान मोठ्यानं वाचून दाखवायची. तिचं मराठी इतकं शुद्ध की अप्पांनी तिचं नाव 'पुण्याची बाई' ठेवलं. कीबोर्डावरच्या एच या बटणावर तू खड्याची टिकली चिकटवली होतीस. ते बटण दाबलं की बाई पुढच्या मथळ्यावर उडी मारते. तू ज्याला मथळा म्हणून खूण केलीस तिथंच थांबते, बाकीचं ओलांडून जाते. म्हणून मथळा कशाला द्यायचा यावर तू तासन्‌तास घालवायचीस, आणि मी वैतागायचे.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. येलवालच्या रस्त्यावरच्या त्या ऑफिसात मी साताऱ्याहून नवीनच आले होते, प्रोग्रॅमर म्हणून, म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी. तिथं शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांची ई-पुस्तकं व्हायची. तुझं टेबल खिडकीशी होतं आणि तुझं काम म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक तुकड्याला खूण करणं: हा मथळा, हा परिच्छेद, ही तळटीप, हे चित्र आणि चित्रात हे आहे. जेवायला आपण योगायोगानं समोरासमोर बसलो. तुझं मराठी ऐकून मला आधी वाटलं तू माझी चेष्टा करतेस. निम्मं वाक्य मराठी, निम्मं कन्नड, आणि शेवटी 'कणे', म्हणजे आपलं 'गं'. तुझे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले, हे तू इतक्या ऐटीत सांगितलंस, जणू तू स्वतः परवाच घोड्यावरून उतरली होतीस.

"म्हणजे तू प्रोग्रॅमिंग नाही करत," मी म्हटलं. मला काही टोचायचं नव्हतं, मी आपली माहिती म्हणून म्हटलं.

"नाही. मी मार्कअप करते."

"म्हणजे टॅग लावतेस."

तू माझा डबा तुझ्याकडे ओढलास, झाकण उघडलंस आणि विचारलंस, "हे काय आहे?"

"भाजी."

"कसली?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं भरला होता डबा. तू म्हणालीस, "बघ. कसं खायचं ते तुला बरोबर ठाऊक आहे. काय आहे ते ठाऊक नाही. तू प्रोग्रॅमर, अल्वा, हो ना?" आणि वर माझीच भाजी माझ्यासमोर खाल्लीस.

त्या दिवसापासून तोच वाद आपण कितीतरी वर्षं चघळला. मी म्हणायचे, तुझ्या एचटीएमएलला भाषा म्हणायचं तर म्हण, पण ती प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. तिच्यात 'असं असेल तर तसं कर' नाही. 'हे संपेपर्यंत करत राहा' नाही. बेरीज करता येत नाही तिला साधी. कुठला निर्णय घेता येत नाही. तुला वाटायचं मी तिचा अपमान करतेय, असा माझा समज होता. पण तू कधी चिडली नाहीस. "बरोबर आहे," म्हणायचीस. "निर्णय घेत नाहीच ती. कुठं काय आहे तेवढं सांगते. निर्णय वाचणाऱ्यानं घ्यायचा." आणि मग माझ्या स्वयंपाकघराचा उद्धार व्हायचा. "तुझ्या घरी बिस्किटांच्या डब्यात तुरीची डाळ आणि डाळीच्या डब्यात रवा. तुझ्या नवऱ्याला तू कृती दिलीस, एक वाटी डाळ घे, धू, शिजव. तो रवा शिजवत बसणार. कृती चुकीची नाही कणे, डब्यावरची चिठ्ठी खोटी आहे." माझा नवरा हे ऐकून मान डोलवायचा. फितूर माणूस.

एकदा मी तुला म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, बातम्या फोनवर रेकॉर्ड करून अप्पांना ऐकव. तू म्हणालीस, "मग त्यांना माझ्या मर्जीनं ऐकावं लागेल. मी आधी भाजीचा भाव सांगितला तर तो संपेपर्यंत गप्प बसावं लागेल. पानात ते पाहिजे तिथं जातात, पाहिजे ते टाकून देतात. एवढं तरी त्यांच्या हातात राहू दे की." मला तेव्हा हे फारच ताणलेलं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि तो माझ्या प्रोग्रॅमचा रविवार तर तू मरेपर्यंत मला ऐकवलास, शब्दशः. तू बन्नूरला आत्याकडं लग्नाला गेली होतीस आणि मी छाती काढून म्हटलं, या आठवड्याचं पान माझा प्रोग्रॅम करेल. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप गोळा करायचे, ओळ लहान आणि ठळक असली की तिला मथळा करायचं, बाकीचं खाली घालायचं. नियम अगदी तर्कशुद्ध होता. रविवारी अप्पांनी टिकली दाबली आणि पुण्याची बाई म्हणाली, "शुभ सकाळ." परत दाबली, "शुभ सकाळ." परत, "शुभ सकाळ, मित्रांनो." सगळ्या गल्लीनं आपापलं शुभ सकाळ ठळक करून पाठवलं होतं. सकाळी पाणी बंद राहणार ही बातमी कुणीतरी साध्या अक्षरात लिहिली होती, ती बाईनं ओलांडली. अप्पा आंघोळीला गेले, डोक्याला साबण लावला आणि नळ कोरडा पडला. शेजारून कळशी येईपर्यंत ते मोरीत बसून माझ्या सात पिढ्यांना शुभ सकाळ करत होते.

तू बन्नूरहून ऊस घेऊन आलीस, सगळं ऐकलंस आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणालीस, "तुझ्या प्रोग्रॅमला मथळा दिसतो कसा ते ठाऊक आहे. मथळा म्हणजे काय ते नाही." मी आपला ऊस खाल्ला.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. ऑफिसात नवीन मुलं आली की त्यांना पहिल्या दिवशी मी तुझंच वाक्य सांगते. प्रोग्रॅम काय करायचं ते सांगतो, मार्कअप काय आहे ते सांगतं, आणि दुसरं खोटं असेल तर पहिल्याचा उपयोग शून्य. मुलं लिहून घेतात. मी माझंच असल्यासारखं बोलते आणि पुढं सरकते. तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या म्हैसुरात दवंडी पिटली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

एका भांडणाचा मात्र निकाल लागला नाही. आठवतं, कोपऱ्यावरच्या घरातले ते निवृत्त मास्तर वारले त्या आठवड्यात तू त्यांची बातमी 'माणसं' या भागात घातलीस, कुणाच्या तरी नव्या स्कूटरच्या खाली. स्कूटरला मथळा, मास्तरांना मथळा, दोन्ही एकाच पातळीचे. मी भडकले. "अगं, माणूस गेलाय. त्यांना सगळ्यात वर घे, मोठ्या मथळ्यात." तू म्हणालीस, मथळ्याची पातळी म्हणजे अक्षराचा आकार नव्हे. सगळ्यात वरचा मथळा पानाचा. मास्तरांना तिथं बसवलं तर खालचं सगळं, पाणी, बाजार, फणस, मास्तरांच्या मरणाचा भाग होईल. तसं ते आहे का? मी म्हटलं, त्यांच्या बायकोला विचार, तसंच आहे. तू म्हणालीस, "तिच्यासाठी वेगळं पान करावं लागेल." मला ते पटलं नाही, तुला माझं पटलं नाही, आणि आपण कॉफी प्यायला गेलो.

मग तुझं दुखणं निघालं. मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. कुठला डॉक्टर, कुठल्या तपासण्या, रिपोर्ट असा आला तर हे, तसा आला तर ते. तुझ्या पथ्याचं वेळापत्रक मी मोबाईलमध्ये घातलं होतं, घंटा वाजायची. तू सगळं ऐकून घेतलंस, माझ्यासाठीच बहुतेक. एका दुपारी मी मोसंबी सोलत होते आणि तू म्हणालीस, "मी बरी होणार नाही कणे." मी म्हटलं, असं बोलू नये, ही फोड खा. तू म्हणालीस, "मेधा, काय करायचं ते मी विचारत नाहीय. आहे ते सांगतेय." मी तुझ्या हातात फोड दिली आणि तू ती खाल्लीस. "हो, ठाऊक आहे मला," एवढंही मला म्हणता आलं नाही. मला अजून ते जमत नाही. मला तुझा राग येतो, मग माझा येतो, मग नुसतं रडू येतं.

तर शनिवारी मी तुझ्यासारखी पिशवी घेऊन निघाले. भाजीवालीनं भाव सांगितले आणि डोळ्याला पदर लावला. इस्त्रीवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघून स्वतःहूनच सगळ्या बातम्या दिल्या. घरी येऊन पान लिहायला बसले. पाणी, बाजार, झाडं, माणसं. आधी तुला सगळ्यात वर घातलं, पानाचा मथळाच तू. लिहिलं आणि बघितलं, तर तू म्हणाली होतीस तसंच झालं होतं. कांद्याचा भाव तुझ्या मरणाखाली आला होता, शेजारच्या पोरीची परीक्षा तुझ्या मरणाखाली आली होती. मला तेव्हा अगदी तसंच वाटत होतं, पण पान माझं नव्हतं. मग तुला 'माणसं'मध्ये घालायला गेले तर हात चालेना. शेवटी तुझी बातमी घातलीच नाही. अप्पांना ठाऊक आहे, त्यांना कशाला परत टोचायचं, अशी मी माझी समजूत घातली आणि पान पाठवून दिलं.

रविवारी सकाळी तुमच्याकडं गेले. तेराव्याला आलेली बन्नूरची आत्या अजून तिथंच आहे, अप्पांसाठी. तिनं मला चहा दिला. अप्पा कॉम्प्युटरसमोर बसले होते, स्पीकर लावलेला. पाणी. बाजार. झाडं. माणसं. 'माणसं'मधले सगळे मथळे त्यांनी एकेक करून दाबले, शेवटी पोचले आणि परत उलटे वर आले. मग पुन्हा खाली गेले. मला कळलं ते काय शोधतायत, पण मी चहा पीत राहिले.

"रेणूची बातमी घातली नाहीस काय?"

"अप्पा, तुम्हाला ठाऊक आहे की."

"मला ठाऊक आहे. पानाला ठाऊक नाही. मी सगळीकडं शोधलो."

आत्या आतून आली आणि मला हातानं खूण केली, विषय बंद कर. अप्पांना ती दिसली नाही, पण तिची चाहूल त्यांना कळली. "तू बस गं," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले, म्हणजे माझ्या आवाजाकडं. "तेरा दिवस माणसं येत होती. प्रत्येक जण मला काय कर ते सांगतो. धीर धरा. दोन घास खा. देवाचं नाव घ्या. झोपा. कोण बी एक वाक्यात सांगत नाही काय झालं ते. 'आता ती' म्हणतात आणि थांबतात. पोरगी कधी गेली, जवळ कोण होतं, मला ठाऊक नाही. मी विचारलो तर म्हणतात, कशाला आता ते. मी आंधळा आहे, मेधा. मला सांगितल्याशिवाय कळणार कसं?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. मी अप्पांच्या शेजारची खुर्ची ओढली, कीबोर्ड माझ्याकडं घेतला आणि पान उघडलं.

"कुठं घालू अप्पा? सगळ्यात वर घालू?"

त्यांनी विचार केला. तुझा बाप आहे, लगेच उत्तर देईल असं मला वाटलंच नव्हतं. "माणसांत घाल," ते म्हणाले. "सगळ्यांबरोबर. तिला एकटीला वर ठेवू नको."

मी तुझ्या नावाचा मथळा केला, बाकीच्यांच्याच पातळीचा. त्याखाली लिहिलं. रेणुका वारली. हे पान तीच करायची. पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात वारली, सकाळी, नुकतं उजाडल्यावर. मेधा शेजारी बसली होती. रेणुकानं पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली, आणि अप्पा उठले असतील का असं विचारलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. दुखत नव्हतं.

प्रत्येक वाक्य लिहिताना मी थांबत होते, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की आता तू मागून येऊन म्हणशील, विशेषणं काढ. विशेषणं नव्हतीच. मला एवढी साधी वाक्यं आयुष्यात कधी लिहिता आली नव्हती, आणि इतकी जड वाक्यंही कधी लिहिली नव्हती.

पान परत लावलं. अप्पांनी बटण दाबत दाबत तुझ्या नावापर्यंत नेलं आणि बाईला वाचू दिलं. पुण्याच्या बाईचा आवाज कशानंच हलत नाही, तो तिथंही हलला नाही. तिनं पाण्याचं वाचलं तसंच तुझं वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"पाणी प्याली?" अप्पांनी विचारलं.

"प्यायली. अर्धा पेला."

"मला विचारली?"

"हो. उठले असतील का म्हणाली."

"उठलो होतो," ते म्हणाले. "फाटकापाशी होतो." मग त्यांचे खांदे हलायला लागले. आत्या उठून त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तेराव्यापर्यंत हा माणूस रडला नव्हता, असं तिनं मला नंतर सांगितलं. आम्ही दोघींनीही त्यांना धीर धरा असं म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा उलटं मागं जायचं बटण शोधलं. आत्या म्हणाली, "साकु रे आता, पुरे, किती ऐकशील? पुढचं ऐक की. फणसाचं काही आहे बघ."

"फणस पुढच्या रविवारी बी असेल," अप्पा म्हणाले. "ही बातमी पुढच्या रविवारी जुनी होईल, मग पानात नसेल. आज ऐकू दे मला."

आणि बाईनं परत वाचायला सुरुवात केली: रेणुका वारली.